उद्घाटनानंतरची बाग

बंगळूरच्या व्हाइटफील्डला आमच्या लेआउटमागे एक चिमुकलं उद्यान आहे, फार तर तीन-चार प्लॉटांएवढं. त्यात कारंजं आहे. उद्घाटनाच्या दिवशी ते चाललं, त्यानंतर नाही. तिथला माळी मूळचा सीमाभागातल्या अथणीकडचा, त्यामुळे मराठी झकास बोलतो. "साहेब, मोटर जळली म्हणून दोनदा लिहून दिलं. पालिकावाले म्हणतात, कारंजं नव्या कामात आलं होतं, देखभालीत बसत नाही." देखभालीच्या कंत्राटात झाडलोट, गवत कापणं आणि पाणी घालणं एवढंच येतं. व्यायामाच्या यंत्रांचं बेअरिंगही येत नाही. म्हणून एका यंत्राचा निखळलेला पाय त्याने निळ्या नायलॉनच्या दोरीने दांड्याला बांधून ठेवलाय. मुलं त्या दोरीवरच झोके घेतात.

छोट्या बागांसाठी नगरपालिकांकडे पैसा नाही, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धवटच पटतं. पैसा येतो, पण एकदाच. केंद्राने 2015 मध्ये 500 शहरांसाठी अमृत योजना आणली. मुख्य भर पाणी आणि मलनिस्सारणावर, पण अडीच टक्क्यांपर्यंत रक्कम उद्यानांसाठी राखली होती आणि दरवर्षी निदान एक बालउद्यान करा, असा आग्रहही होता. देखभालीसाठी उत्तर होतं लोकसहभाग आणि खासगी भागीदारी. म्हणजे लग्न सरकारी खर्चाने, संसार तुमचा तुम्ही बघा.

व्हाइटफील्डात खासगी भागीदाराला तोटा नाही. दगड मारावा तर कंपनीच्या काचेवर लागेल. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला (सीएसआर) देणं बंधनकारक केलं, आणि बाग हा त्यातला सगळ्यात फोटोजेनिक मार्ग. पण याच नियमांत सलग चालणाऱ्या प्रकल्पाची मुदत सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांची आहे. करंजाचं रोप तीन वर्षांत जेमतेम खांद्याच्या वर जातं. कंपनी पुढच्या प्रकल्पाकडे वळते, तिचा फलक मात्र राहतो.

पुण्याचा अनुभव निराळा नाही. महापालिकेने 2006 मध्ये नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायला सुरुवात केली, ही देशातली पहिल्या काही प्रयोगांतली गोष्ट. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, एका कामाला कमाल पाच लाख. चांगली कल्पना, मी तिचा चाहता आहे. पण पाच लाखांत बसतं ते बाक, पदपथ, दिवे. रखवालदाराचा वर्षानुवर्षांचा पगार त्या चौकटीत मागताच येत नाही. म्हणून गल्लोगल्ली बाक झाले आणि प्रत्येक बाकाच्या पाठीवर 'संकल्पना' आणि 'सौजन्य' यांची नावं. बसणाऱ्याची पाठ कुणाच्या ना कुणाच्या नावाला टेकतेच.

बागेला जागा कुठून येते, हा त्याच्याही आधीचा प्रश्न. म्हैसूरच्या महाराजांनी 1882 मध्ये युरेशियन आणि अँग्लो-इंडियन मंडळींना इथली, व्हाइटफील्डची, सुमारे 3,900 एकर जमीन दिली. त्यांच्या संघटनेचे डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून या वस्तीचं नाव पडलं. वस्ती आखताना आधी मधला गोल मोकळा सोडला आणि भोवती घरं बसवली. तो इनर सर्कल आजही आहे. पुढे झालेल्या वस्तीत असा विचार क्वचितच दिसतो. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले रेव्हेन्यू लेआउट म्हणजे महाराष्ट्रातली गुंठेवारीच. तिथे रस्ता दोन गाड्यांना पुरत नाही, बागेला जागा कोण सोडणार? बंगळूर विकास प्राधिकरणाच्या कायद्यात उद्यानं आणि मैदानांसाठी 15 टक्के जागा सांगितली आहे, पण ती प्राधिकरणाच्या स्वतःच्या योजनांना. शिवाय राखलेली जागा टिकेलच असं नाही. राजमहाल विलास एक्स्टेंशनमधली बागेची जागा एका खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा रहिवासी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि 1991 मध्ये त्यांनी ती वाचवली.

बाग राखणं म्हणजे काय, हे मार्च 2024 मध्ये कळलं. बोअर आटले, टँकरचे भाव चढले, आणि पाणीपुरवठा मंडळाने बागेला पिण्याचं पाणी घालण्यावर पाच हजारांचा दंड लावला. आमच्या उद्यानातलं मऊ, हिरवंगार लॉन महिन्याभरात तपकिरी झालं. कडेची करंजं मात्र उभी राहिली, कारण ती कुणी खास जोपासलीच नव्हती. शेजारच्या अपार्टमेंटांत सांडपाणी शुद्ध होतं आणि बरंचसं गटारात जातं. ते शंभर मीटरवरच्या बागेत आणायला एक पाइप आणि एक माणूस लागतो. पाइपसाठी पैसे मंजूर होऊ शकतात. माणूस मंजूर होत नाही. आमच्या माळ्याकडे अशा तीन बागा आहेत.

पैसा कुठून आणायचा, असं निदान इथे तरी कुणी विचारू नये. जुन्या बृहत् बंगळूर महापालिकेच्या मालमत्ता करात महादेवपुरा विभाग वर्षानुवर्षं अव्वल होता, व्हाइटफील्ड त्यातच. सप्टेंबर 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. बागेचा नळ तुटला तर कुणाची कॉलर धरायची, हेच कळेना. सप्टेंबर 2025 मध्ये शहराच्या पाच महानगरपालिका झाल्या, आम्ही पूर्वेत आलो. तिजोरी आता वेगळी आहे आणि ती रिकामी नसावी.

या नव्या महापालिकेने बाग मंजूर करतानाच, त्याच आदेशात, निदान पाच वर्षांचा माळी, पाणी आणि दुरुस्ती यांची तरतूद करावी. अंदाजपत्रकात नव्या उद्यानांची रक्कम आणि जुन्यांच्या देखभालीची रक्कम एकाखाली एक छापावी. दुसरी रक्कम पुरेशी नसेल, तर नव्या बागा वर्षभर थांबल्या तरी चालतील, असं माझं मत. आमच्या लेआउटच्या बैठकीत मी ते मांडलं. बहुतेकांना मान्य झालं नाही. त्यांना तळ्याकाठी आणखी एक बाग हवी आहे, आणि एका कंपनीच्या सीएसआरवाल्यांशी त्यांची बोलणीही सुरू झाली आहेत.