विहंगावलोकन आणि विहंग

मराठी समीक्षेला 'विहंगावलोकन' हा शब्द फार प्रिय आहे. एखाद्या कालखंडाचा वा वाङ्मयप्रकाराचा स्थूल आढावा घ्यायचा झाला की आपण तो सहजपणे योजतो. उंचावरून पाहिले म्हणजे तपशील पुसट होतात, परंतु एकंदर आकार ध्यानात येतो, असा त्याचा आशय. आजवर हे अवलोकन रूपकापुरते होते. पाहणारा जमिनीवरच असे. ड्रोनने हे रूपक वाच्यार्थाने खरे केले. पाव किलोहूनही कमी वजनाचे यंत्र सह्याद्रीच्या कड्यापलीकडे नेऊन पाखराच्या नजरेने दरी पाहणे आता महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही शक्य झाले आहे. हा आनंद खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र या विहंगावलोकनात प्रत्यक्ष विहंगाचे काय होते, हा प्रश्न विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भारतीय गिधाड कड्याच्या कपारीत घरटे करते. शाहीन ससाण्याचीही पसंती अशाच जागांना असते. गिधाडाची मादी एका विणीत एकच अंडे घालते. विणीचा काळ हिवाळ्यात येतो आणि गडकिल्ल्यांवरील भटकंतीचा व चित्रीकरणाचा हंगामही नेमका तोच. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे १९९० च्या दशकापासून देशातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होत गेली. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तरी गेलेली संख्या भरून आलेली नाही. अशा स्थितीत एका अंड्याचे मोल किती, हे निराळे सांगावयास नको.

'पक्षी जागचा हललासुद्धा नाही, मग त्रास कसला?' असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याबाबत उद्बोधक आहे. त्यांनी काळ्या अस्वलांच्या हृदयाचे ठोके मोजले. ड्रोन जवळ आल्यावरही बहुतेक अस्वले जागीच राहिली. परंतु त्यांच्या हृदयाची गती वाढली. एका अस्वलाचे ठोके तर मिनिटाला ४१ वरून १६२ वर गेले. वरकरणी शांतता आणि आत कल्लोळ, ही स्थिती साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नसावी. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पाणपक्ष्यांवर झालेल्या अभ्यासात असे आढळले, की ड्रोन सरळ डोक्यावरून खाली आला तर पक्षी अधिक बिथरतात. शंभर मीटरहून अधिक अंतरावरून उड्डाण करावे आणि पक्ष्यावर उभा उतार टाळावा, अशी शिफारस त्या संशोधकांनी केली.

शिकारी पक्ष्यांची गोष्ट आणखी निराळी. ते नेहमी पळ काढतातच असे नाही. आपल्या हद्दीत शिरलेल्या यंत्रावर ते चालूनही जातात. जुलै २०२० मध्ये मिशिगन राज्याच्या पर्यावरण विभागाचा ड्रोन एका गरुडाने हल्ला करून सरोवरात पाडला. त्या बातमीवर जगभर लोक हसले. फिरत्या पात्याने पंख चिरला असता, तर हसू आले नसते. मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील बोल्सा चिका येथे एक ड्रोन सुरय पक्ष्यांच्या वसाहतीत कोसळला. हजारो पक्षी उडून गेले आणि दीड हजारांहून अधिक अंडी बेवारस राहिली. तेथे कोणाचाही हेतू दुष्ट असण्याची गरज नव्हती.

आपल्या कायद्याने या बाबतीत शब्दाचा अर्थ आपल्यापेक्षा अधिक सूक्ष्मपणे जाणला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील 'शिकार' या संज्ञेच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हेही समाविष्ट आहे. बंदूक न उचलताही शिकार घडू शकते, हे कायदा मान्य करतो. याउलट २०२१ च्या ड्रोन नियमांतील हिरवे क्षेत्र हा मुख्यतः विमाने आणि सुरक्षितता यांचा विचार आहे. नकाशावरचा हिरवा रंग कपारीतल्या घरट्याविषयी काहीच सांगत नाही. तो विचार उडवणाऱ्यानेच करावयाचा आहे.

सरसकट बंदी घालावी असे आमचे मत नाही. दोर लावून कड्यावर उतरण्यापेक्षा दुरून उडवलेला ड्रोन घरटी मोजण्यासाठी कमी त्रासाचा ठरू शकतो, आणि संशोधक त्याचा तसा उपयोग करतातही. परंतु हौसेच्या उड्डाणाला काही मर्यादा असाव्यात. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीविना उडवू नये. विणीच्या काळात कड्यांपासून दूर राहावे. उड्डाणापूर्वी दहा मिनिटे नुसते आकाश पाहावे. घार, ससाणा वा गिधाड घिरट्या घालत असेल तर यंत्र पिशवीतच ठेवावे. पक्षी यंत्राकडे वळला, तर चित्रणाचा मोह सोडून दूर नेऊन उतरवावे. घरट्याचे ठिकाण जाहीर करू नये.

शेवटचा मुद्दा आपल्या व्यवसायाचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये रशियातील मगादान प्रदेशातील एक ध्वनिचित्रफीत जगभर गाजली. बर्फाळ उतारावरून पुनःपुन्हा घसरणारे अस्वलाचे पिल्लू अखेर आईपाशी पोहोचते. लक्षावधी प्रेक्षकांनी तीत जिद्दीचा धडा वाचला. वन्यजीव अभ्यासकांनी मात्र निराळीच गोष्ट वाचली: डोक्यावर घोंगावणाऱ्या ड्रोनला भिऊन ती मादी पिल्लाला त्या अवघड उतारावर घेऊन गेली असावी. या दोन वाचनांत फरक पडतो तो एकाच प्रश्नाने, आणि तो प्रश्न आपण वर्गात रोज विचारतो: निवेदक कोठे उभा आहे? कादंबरीला आपण हा प्रश्न विचारतो, मग दृश्याला का विचारू नये? कॅमेरा घरट्यापासून किती अंतरावर होता, पक्षी आपल्या मर्जीने उडाला की उडवला गेला, हे विचारणारा प्रेक्षक घडवणे हे साहित्याच्या अध्यापनाचेच काम आहे. अशा चित्रणाला दाद मिळेनाशी झाली, तर ते काढणारेही कमी होतील. कड्यावरच्या अंड्याला नियमावलीइतकीच या रसिकतेचीही गरज आहे.