सेवेचे मोल आणि प्रवेशाची किंमत

अमेरिकन विद्यापीठांत शरद ऋतूतील शनिवार हा फुटबॉलचा वार असतो. सामन्याच्या मध्यंतरात दोन-तीनशे वादक मैदानात उतरतात आणि वाजवता वाजवता, पावलांचा ठेका न चुकवता, नाना आकृत्या रचून दाखवतात. प्रेक्षकांना एवढेच दिसते. सकाळी ट्रकमधून अवजड वाद्ये कोणी उतरवली, पाहुण्या बँडला पाण्याच्या बाटल्या कोणी नेऊन दिल्या, गणवेशांची मोजदाद कोणी ठेवली आणि रात्री सारे पांगल्यावर मागे राहिलेले सामान कोणी आवरले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. पुष्कळ विद्यापीठांत ही कामे ‘कॅपा कॅपा साय’ या बंधुसंघाचे किंवा ‘टाउ बीटा सिग्मा’ या भगिनीसंघाचे सदस्य विनामोबदला करीत असतात.

ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारे विद्यार्थिसंघ अमेरिकेत पुष्कळ आहेत आणि त्यांतील कित्येकांची ख्याती मेजवान्यांपलीकडे जात नाही. या दोन संघांचे प्रयोजन मात्र वेगळे आहे. कॉलेजच्या बँडची सेवा हेच त्यांचे जाहीर कार्य. २७ नोव्हेंबर १९१९ रोजी ओक्लाहोमा राज्यातील स्टिलवॉटर येथील कृषी महाविद्यालयात दहा विद्यार्थ्यांनी कॅपा कॅपा सायची स्थापना केली. बोहेमियातून अमेरिकेत स्थलांतरित झालेले तेथील बँडप्रमुख बोहुमिल मकोव्हस्की हे त्यांचे प्रेरणास्थान होते. भगिनीसंघाची कल्पना टेक्सस राज्यातील लबक येथे वादक विद्यार्थिनींनी काढली आणि १९४६ मध्ये तिला रीतसर रूप आले. १९७७ पासून दोन्ही संघांची दारे स्त्री-पुरुष दोघांनाही खुली आहेत. नावे मात्र ‘बंधू’ आणि ‘भगिनी’ अशीच राहिली. स्टिलवॉटरचे जुने रेल्वे स्थानक विकत घेऊन त्यात आता या संघांची मुख्य कचेरी थाटली आहे.

या संघात शिरू पाहणाऱ्या नवागताचा अनुभव कसा असतो? बँडमध्ये एखादे सत्र काढलेला, बहुधा प्रथमच घर सोडून आलेला हा विद्यार्थी जुन्या सदस्यांच्या निमंत्रणावरून एका सायंकाळी माहिती ऐकायला जातो. मग मुलाखत, मग जुन्यांचे मतदान. निवड झाली म्हणजे तो लगेच सदस्य होतो असे नाही. काही आठवडे त्याला उमेदवार म्हणून काढावे लागतात. संघाचा इतिहास, संस्थापकांची नावे, नियमावली हे सारे पाठ करायचे, सोबतच्या उमेदवारांसह बँडच्या उपयोगाचे एखादे काम अंगावर घेऊन तडीस न्यायचे, निधी जमवायचा. एखाद्या जुन्या सदस्याकडे त्याचे पालकत्व सोपवले जाते. तो दादा किंवा ती ताई तालमीनंतर त्याची विचारपूस करते, मागच्या वर्षीच्या टिपणवह्या देते, घरच्या आठवणीने मन लागेनासे झाले तर सोबत जेवायला नेते. शेवटी बंद दाराआड दीक्षाविधी होतो आणि परिचयपत्रावर मिरवायला तीन ग्रीक अक्षरे मिळतात. यात झोप जाते, वर्गणीचे पैसे जातात, क्वचित एखाद्या विषयाचे गुणही जातात. तरीही हजारो विद्यार्थी परक्या शहरात ज्याने आपले नाव लक्षात ठेवले त्या पहिल्या माणसाची भेट याच आठवड्यांत झाली असे मानतात. ही मिळकत लहान नव्हे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक जुने कोडे ओळखू येईल. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली ‘द लॉजिक ऑफ कलेक्टिव्ह ॲक्शन’ या ग्रंथात ते मांडले. ज्या कामाचा लाभ सर्वांना सारखाच मिळतो, ते काम करण्याची निकड एकट्याला कोणालाच वाटत नाही. गणवेश स्वच्छ असले तर ते न धुणारालाही स्वच्छ गणवेश मिळतो. मग धुणार कोण? यावर तोडगा एकच, की काम करणाऱ्यास असे काही द्यावे, जे न करणाऱ्यास मिळणार नाही. येथे तो मोबदला पैशाचा नसून आपलेपणाचा आणि मानाचा आहे. मान सर्वांना फुकट वाटला तर तो मान राहत नाही, म्हणून दार अरुंद ठेवावे लागते. उमेदवारीचे कष्ट हे या दृष्टीने निरर्थक नाहीत. सहा आठवडे निमूटपणे खुर्च्या उचलणारा मुलगा पुढेही उचलील, अशी खात्री त्यातून पटते. ऐतखाऊ माणूस तिसऱ्या आठवड्यातच पाय काढतो.

परंतु ज्याच्या हाती दाराची किल्ली असते, त्याच्या हाती सत्ता असते. अमेरिकेत ज्याला ‘हेझिंग’ म्हणतात, त्याचा उगम या सत्तेत आहे. दोन्ही संघांच्या नियमांत त्याला स्पष्ट मनाई आहे. पण मनाई मुख्य कचेरीत लिहिली जाते आणि उमेदवारी दूरच्या वसतिगृहात, रात्री उशिरा, कोणी वडीलधारे नसताना चालते.

बँडच्या जगाला याची जाणीव २०११ मध्ये अत्यंत क्रूर रीतीने झाली. फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचा ‘मार्चिंग १००’ हा बँड कृष्णवर्णीय अमेरिकनांचा अभिमानविषय. फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीनिमित्त १९८९ मध्ये पॅरिसला जे संचलन झाले, त्यात अमेरिकेच्या वतीने तो वाजवीत गेला होता. या बँडचा २६ वर्षांचा ड्रम मेजर रॉबर्ट चॅम्पियन १९ नोव्हेंबर २०११ रोजी सामन्यानंतर ऑरलँडोतील एका हॉटेलबाहेर उभ्या असलेल्या बसमध्ये चढला. पुढच्या दारापासून मागच्या टोकापर्यंत सहकाऱ्यांचे ठोसे आणि लाथा खात जायचे, अशी त्या बसची ‘परंपरा’ होती. तो टोकापर्यंत पोहोचला आणि काही वेळाने कोसळला. मारामुळे झालेल्या अंतर्गत रक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला. हा प्रकार कोणा ग्रीक अक्षरी संघाचा नव्हता, बँडमधीलच एका गटाचा होता, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पण यंत्र तेच. आत असलेल्यांनी बाहेरच्याकडून मानाची किंमत वसूल करावयाची.

चॅम्पियन स्वखुशीने बसमध्ये चढला होता, हा बचाव न्यायालयात पुढे आला. तो टिकला नाही. संमती हा हेझिंगचा बचाव होऊ शकत नाही, असे फ्लोरिडाच्या कायद्याने आधीच ठरवून ठेवले होते. प्रमुख आरोपीला मनुष्यवधाबद्दल २०१५ मध्ये सहा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. स्वेच्छेच्या व्यवहारात दोन्ही पक्षांचा लाभ होतो, हे अर्थशास्त्राचे आवडते गृहीत आहे. पण दार एकच असून किल्ली एकाच्याच हाती असेल, तर दुसऱ्याच्या होकाराला स्वेच्छा म्हणणे हा शब्दच्छल आहे. ज्या बँडच्या सहकाऱ्यांत रोज उठायचे-बसायचे, त्यांच्यात वर्षभर परके राहण्याची शिक्षा विसाव्या वर्षी फार मोठी वाटते.

हे सोसलेलेच पुढे त्याचे समर्थन करतात, ही आणखी चमत्कारिक गोष्ट. ‘आम्हीही यातून गेलो, त्यामुळेच आमची मैत्री घट्ट झाली,’ हे वाक्य सर्व देशांत ऐकू येते. एलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये याचा छडा लावला. त्यांनी काही विद्यार्थिनींना एका चर्चागटात प्रवेश देण्यापूर्वी अवघडून टाकणारी परीक्षा द्यायला लावली, काहींना सौम्य परीक्षा दिली, काहींना तशीच घेतली. मग सर्वांना एकच मुद्दाम रटाळ केलेली चर्चा ऐकवली. ज्यांना अधिक सोसावे लागले, त्यांना ती अधिक रोचक वाटली. दिलेली किंमत वाया गेली हे मान्य करणे मनाला जड जाते, तेव्हा मन मालाचाच भाव वाढवून घेते. म्हणून ‘आमचे काही बिघडले नाही’ ही साक्ष या खटल्यात ग्राह्य धरता येत नाही.

कष्ट आणि छळ यांतील सीमारेषा धूसर आहे, असे म्हणण्याची एक सोयीस्कर रीत आहे. वास्तविक ती पुरेशी ठळक आहे. नवागताच्या श्रमाचे फळ कोणाच्या पदरात पडते, एवढे पाहावे. त्याने अजस्र सूझाफोन वाहून नेला, तर बँडचे काम झाले, आणि जुन्या सदस्याने दुसरी बाजू धरली तर ते अधिक लवकर झाले. बसमधल्या ठोशांनी बँडचा एक सूरही सुधारत नाही. जुन्या सदस्याचे कपडे धुणे, मध्यरात्री त्याच्यासाठी खाद्यपदार्थ आणणे हे प्रकार ‘निरुपद्रवी’ म्हणून खपवले जातात, पण त्यांचे फळही बँडला मिळत नाही. ती खंडणी आहे, फक्त दर कमी आहे. पुण्यातील ढोल-ताशा पथकांत गणेशोत्सवापूर्वी नदीकाठी सरावाला येणारी मुले-मुली हा फरक सहज ओळखतील. ढोल ताणायला नव्यांबरोबर जुनेही बसले की पथक बांधले जाते.

आपल्याकडील रॅगिंग आणि हे हेझिंग यांत मात्र एक भेद आहे. येथे नव्या विद्यार्थ्याने काही मागितलेले नसते, त्याने प्रवेश घेतला हाच त्याचा अपराध. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा करून दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी विद्यार्थी आणि पालक दोघांकडून प्रतिज्ञापत्रे आली आणि ती गोळा करून फायलीत लावण्याचे काम कचेरीतील लिपिकांच्या वाट्याला आले. अमेरिकेत बळी स्वतःच दार ठोठावतो, म्हणून तेथे तक्रारही उशिरा येते. पुष्कळदा येतच नाही.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने यासंबंधी देशव्यापी कायदा केला तो डिसेंबर २०२४ मध्ये. शिक्षणसंस्थांनी हेझिंगच्या प्रकारांची नोंद ठेवावी आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थिसंघांची माहिती जाहीर करावी, असे बंधन त्याने घातले. त्यानंतर दोनच महिन्यांनी लुइझियानातील सदर्न विद्यापीठाच्या बँडमधील एक विद्यार्थी मरण पावला. तो एका बंधुसंघात शिरू पाहत होता. हा संघ वाद्यवृंदाचा नव्हता. त्याच्या छातीवर ठोसे मारण्यात आले होते, असे पोलिसांनी सांगितले.

यादी प्रसिद्ध करण्याचा उपयोग आहे, कारण शिरण्यापूर्वी मुलाला आणि त्याच्या घरच्यांना निदान नाव तपासता येते. पण २०११ नंतर फ्लोरिडात जी चौकशी झाली, तिच्यात अधिक साधी गोष्ट बाहेर आली. बँडबरोबर प्रवास करणाऱ्यांत विद्यापीठाचे विद्यार्थीच नसलेले काहीजण होते आणि त्यांची नोंद नीट कोणी पाहिली नव्हती. बँड २०१३ पर्यंत बंद ठेवावा लागला. पुन्हा सुरू करताना त्याच विद्यापीठाच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांनाच प्रवेश, हा नियम करावा लागला. कोणत्या बसमध्ये कोण बसले आहे याची हजेरी घेणे आणि दाराशेजारच्या आसनावर एक शिक्षक बसवणे, याला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नव्हती.