मातीतली रेस

गेल्या वर्षी मी पुन्हा क्रॉस-कंट्री माउंटन बाइकच्या रेसमध्ये उतरायला लागलो, तेव्हापासून वरवट बकालमध्ये एकच प्रश्न ऐकतोय. ‘भाऊ, या वयात हे काहून?’ प्रश्न रास्त आहे. वय ४६, पदकाची शक्यता शून्य. त्यात आमच्याकडे सायकल म्हणजे शाळेत नाहीतर वावरात जायचं वाहन. म्हणून म्हटलं, एकदा नीट उत्तर लिहूनच टाकावं.

मधली दहा-बारा वर्षं मी डांबरीवरच चालवत होतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत, अशा ब्रेव्हे. या प्रकारावर माझं प्रेम आहे आणि राहील. माणूस त्यात दमसास शिकतो, स्वतःशी गप्पा मारायला शिकतो. पण सायकल हाताळायचं कौशल्य मात्र त्यात फारसं लागत नाही. आणि न वापरलेलं कौशल्य विळ्यासारखं गंजतं. फरक इतकाच, की विळ्याचा गंज दिसतो, हा दिसत नाही. तो कळतो कधी? रात्री समोरच्या ट्रकचा दिवा डोळ्यांवर असतो, आणि चाकाखाली अचानक गिट्टी येते तेव्हा. विचार करायला अर्धा सेकंद असतो. तिथे दमसास कामाचा नाही, हात कामाचे. घरी वाट बघणारी माणसं असतील तर हा मुद्दा हौसेचा राहत नाही.

आता ही रेस काय असते ते सांगतो. १९९६ च्या अटलांटापासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. काही किलोमीटरचं मातीचं वर्तुळ; त्यात चढ, उतार, दगड, मुळं. त्याच्या फेऱ्या मारायच्या. मोठ्या स्पर्धांत हा खेळ साधारण दीड तास चालतो. गंमत या फेऱ्यांमध्येच आहे. ज्या दगडाला पहिल्या फेरीत घाबरलात, तो दुसऱ्या फेरीत तिथेच बसलेला असतो. तिसऱ्या फेरीतही. दगड तोच, तुम्ही मात्र जास्त थकलेले. आणि मागून कोणीतरी ‘साइड, साइड’ ओरडत असतं.

यावर कोणी म्हणेल, मग घरच्या घरी सराव करा की! करतोच. उत्तरेला सातपुडा दिसतो, पण अंबाबरवा अभयारण्यात सायकल घेऊन हुंदडायचं नसतं. त्यामुळे माझी शाळा म्हणजे पांदण. बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबलेस टायर, हवा डांबरीपेक्षा बरीच कमी. पावसाळ्यात काळी माती चाकात अशी भरते की सायकलच खांद्यावर बसते. उन्हाळ्यात राहते बैलगाडीची चाकोरी, दगडासारखी कडक. चाकोरीतून बाहेर पडायचं तंत्र आहे. कडेला घासत हळूहळू वर चढू पाहिलं, तर पुढचं चाक घसरतं आणि माणूस आडवा. थोडा वेग ठेवायचा, नजर बाहेरच्या जमिनीवर, पुढचं चाक हलकं करायचं आणि कड जमेल तितक्या काटकोनात तोडायची.

हे सगळं एकट्यानं शिकता येतं. पण एकटा माणूस लबाड असतो. जे जमतं तेच पुन्हा पुन्हा करतो, आणि जे जमत नाही त्याच्या बाजूनं वळसा घालून त्याला ‘आज मूड नाही’ म्हणतो. रेसमध्ये वाट दुसऱ्यानं आखलेली असते. तुमची भीती त्याला विचारात घ्यायची नसते. माझ्या मते रेसचा खरा उपयोग हाच.

मोठ्यांची उदाहरणं बघा. टॉम पिडकॉकनं २०२१ साली टोकियोत माउंटन बाइकचं सुवर्ण जिंकलं, २०२२ मध्ये टूर द फ्रान्समधला आल्प द्युएझचा टप्पा जिंकला, आणि तरी २०२४ ला पॅरिसमध्ये पुन्हा मातीत उतरला. टायर पंक्चर झालं, मागे पडला, तरी शेवटच्या फेरीत झाडाच्या दुसऱ्या बाजूनं वाट काढून जिंकला. पोलिन फेरॉं-प्रेव्हो तर २०२४ ला मातीत सुवर्ण घेऊन रोडवर परतली आणि २०२५ ची महिलांची टूर द फ्रान्स जिंकली. त्यांची आपली तुलना नाही, पण मातीतलं शिक्षण डांबरीवर वाया जात नाही एवढं त्यावरून कळतं.

एक मात्र खरं. रेस शिकवत नाही, ती दाखवते. दम लागलेला असताना नवीन काही शिकायला गेलात तर चुकीच्याच सवयी लागतात. शिकायचं पांदणीत, सावकाश. रेसमध्ये फक्त तपासायचं. आणि एखादा उतार झेपत नसेल तर खाली उतरून सायकल हातात धरून पळायचं. तेही नियमात बसतं.

तेव्हा, वर्षातून दोनदा सायकल खोलून खोक्यात भरायची, शेगावहून रात्रीची गाडी पकडायची आणि शेवटून चौथं-पाचवं यायचं, हा माझा कार्यक्रम सध्या चालू आहे. काहून? तर परत आल्यावर पुढचे काही महिने मला नक्की माहीत असतं, की मला काय येत नाही. पांदणीत काय करायचं ते त्यावरूनच ठरतं. सध्या डावीकडचं वळण चालू आहे. उजवीकडचं बरं जमतं, डावीकडचं अजून नाही.