दुसऱ्याच्या वाट्याचे औदार्य

सरत्या वर्षात मे महिन्यातच कोसळलेला पाऊस, शाळेतल्या हिंदीवरून पेटलेला आणि शासन निर्णय मागे घेतल्यावर निवलेला वाद, तसेच १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून गेलेले जीव, यांवर पुरेसे लिहून झाले आहे. वर्षभर सलत राहिली ती मात्र दवाखान्यातली खाट किंवा अतिदक्षता विभागातली जागा कोणाच्या ओळखीने मिळाली, हे अभिमानाने सांगण्याची महाराष्ट्राला जडलेली सवय. आंदर मावळातून पिंपरीला किंवा पुण्याला हलवलेल्या रुग्णाचे नातलग डॉक्टरांच्या आधी आमदारांच्या स्वीय सहायकाचा नंबर शोधतात, आणि ज्यांना तो सापडत नाही ते केसपेपर हातात धरून व्हरांड्यात बसून राहतात.

वशिल्याचा हा प्रश्न कोविडच्या साथीत, एप्रिल २०२१ मध्ये, सर्वांत उघड्या रूपात समोर आला. अहमदनगरच्या तत्कालीन खासदारांनी दिल्लीहून खासगी विमानाने रेमडेसिविर आणले, तेव्हा ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले आणि औषधाच्या न्याय्य वाटपाचा मुद्दा ऐरणीवर आला. त्याच साथीत इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने जकातीच्या, म्हणजे शिल्लक संपत्तीतून द्यावयाच्या अडीच टक्के अनिवार्य वाट्याच्या, ३६ लाख रुपयांतून इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात १० खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला, तर नागपूरचे वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी प्राणवायूच्या टँकरांवर केलेला खर्च जकात मानून त्याची भरपाई नाकारली. या दोन्ही गोष्टींचे कौतुक ‘मुस्लिमांनीही केले’ अशा सुरात झाले. दानामागे वाटपाचाही काही विचार असेल, अशी शंका मात्र कोणाला आली नाही.

तो विचार बराच जुना आणि काटेकोर आहे. इस्लामी धर्मशास्त्राची उद्दिष्टे सांगताना इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी धर्म, जीव, बुद्धी, वंश आणि संपत्ती या पाच गोष्टींचे रक्षण मोजले, आणि त्याच विवेचनात बुडत्या जहाजाचे उदाहरण घेऊन, उरलेल्यांना वाचवण्यासाठी चिठ्ठी टाकूनही एकाला समुद्रात ढकलता येणार नाही, असा निर्णय दिला. एकाची हानी तितक्याच हानीने दूर करता येत नाही, हा फिक्हचा, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राचा, नियम याच वळणाचा असून, एका रुग्णाचा व्हेंटिलेटर काढून दुसऱ्याला लावावा काय, या प्रश्नावर अनेक आधुनिक अभ्यासक त्याचाच आधार घेतात. दावे अगदी समान असतील तेथे कुरआ, म्हणजे चिठ्ठी, मान्य आहे. येशूची आई मरियम हिचे पालकत्व कोणाकडे जावे हे तशाच रीतीने ठरल्याचा निर्देश कुराणात आहे.

या परंपरेत ईसार, म्हणजे स्वतःला गरज असताना दुसऱ्याला पुढे करणे, हा मोठा सद्गुण मानला आहे. पण माणसाला सोडता येतो तो स्वतःचाच हक्क. व्हरांड्यातल्या अनोळखी रुग्णाचा क्रम परस्पर आपल्या माणसाला देणारा मदत करत नसतो, तो दुसऱ्याच्या वाट्यातून उदार होत असतो. चोरी केलेल्या एका प्रतिष्ठित स्त्रीसाठी उसामा यांनी रदबदली केली, तेव्हा पैगंबरांनी आपल्या या लाडक्या माणसाचीही शिफारस झिडकारली, असे हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंदवलेली परंपरा, सांगते. प्रसंग शिक्षेचा असला, तरी वशिल्याला दिलेले उत्तर रुग्णालयालाही लागू पडते.

आमच्या या दिवाळी अंकाचा विषय ‘वाटा’ आहे. वलवणच्या तलावातले मावळचे पाणी शंभराहून अधिक वर्षे खोपोलीत उतरून मुंबईची वीज होत असल्याने, पाणी, गवत आणि अग्नी यांत सर्वांचा वाटा सांगणारी हदीस येथे परकी वाटू नये. रुग्णालयातली खाटही असाच सर्वांचा वाटा आहे. मेंदूमृत दात्याचे मूत्रपिंड कोणाला मिळावे, हे अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याखाली प्रतीक्षायादी आणि निकषांनी ठरू शकते, तर अतिदक्षता विभागातल्या खाटेचे निकष दर्शनी भिंतीवर लावणे अशक्य नाही, आणि शिफारशीच्या प्रत्येक फोनची नाव-वेळेसह नोंद ठेवणे तर मुळीच अवघड नाही. अशी नोंदवही या अंकाच्या वाचकांनी आपापल्या गावच्या रुग्णालयात मागावी. आणि फोन लावणाऱ्यांत आपलेही नाव निघाले, तर तेही वाचण्याची तयारी ठेवावी.