विश्लेषण : दिवसभर उभे राहूनही फॅटी लिव्हर का होतो? व्यायामाने यकृतात काय बदलते?

यंत्रमाग आणि गोदामांच्या भिवंडीत अंगमेहनतीला तोटा नाही. त्यामुळेच ‘दिवसभर राबतो, वेगळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न येथे सहज विचारला जातो. मात्र यकृतात चरबी साचण्याचा विकार, म्हणजेच फॅटी लिव्हर, दारू न पिणाऱ्यांना, सडपातळ माणसांना आणि कष्टकऱ्यांनाही गाठू शकतो. देशात ९ ते ३२ टक्के लोकांना हा विकार असल्याचा सरकारी अंदाज आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने त्याचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. यावर व्यायाम हा उपाय का मानला जातो आणि कामाच्या कष्टांनी तो का भरून निघत नाही, याचा हा वेध.

यकृतात चरबी येते कुठून?

जेवणातून मिळालेली साखर यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. हे कोठार लहान असते, साधारण १०० ग्रॅमचे. ते भरले की जादा साखरेची चरबी बनू लागते. पण खरा मोठा ओघ वेगळाच आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार, रुग्णांच्या यकृतातील सुमारे ५९ टक्के चरबी रक्तातून आलेल्या मेदाम्लांपासून बनली होती. २६ टक्के चरबी यकृताने स्वतः तयार केली होती आणि जेमतेम १५ टक्के थेट आहारातून आली होती. म्हणजे केवळ तेल-तूप तोडून भागत नाही. इन्सुलिनला शरीर नीट प्रतिसाद देईनासे झाले की पोटाभोवतीची चरबी सुटून रक्तात उतरते आणि यकृतात जाऊन साचते. हे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. काहींमध्ये पुढे सूज येते, यकृतावर व्रण पडतात आणि शेवटी सिरॉसिस होतो. सुरुवातीला बहुधा काहीच दुखत नाही, हीच खरी अडचण.

सडपातळ माणसालाही धोका असतो का?

असतो. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील गावांत १,९११ जणांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ८.७ टक्के लोकांत हा विकार आढळला आणि त्यातील सुमारे तीन चतुर्थांश जणांचा बीएमआय २५ पेक्षा कमी होता. त्यामुळे वजनकाट्याइतकेच कमरेचे माप महत्त्वाचे. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त कंबर ही धोक्याची खूण मानली जाते.

मागावरचे काम व्यायामात का मोजत नाहीत?

अनेक कारखान्यांत बारा तासांची पाळी असते. कामगार एकाच वेळी अनेक माग सांभाळतो, पण त्याची हालचाल म्हणजे मागांच्या ओळीत चार पावले, तुटलेला धागा जोडणे आणि पुन्हा उभे राहणे. पाय भरून येतात, पाठ दुखते, पण सलग दहा-वीस मिनिटे दम लागेल, नाडी वाढेल असे फारसे घडत नाही. त्यात रात्रपाळी, अपुरी झोप, गोड कटिंग चहाचे फेरे आणि खानावळीतले अवेळी जेवण. गोदामातला हमाल खरोखर ओझी वाहतो. पण तिथलाच संगणकावरचा कारकून, ट्रकचालक आणि गादीवर बसणारा कारखानदार यांचा दिवस बसूनच जातो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर’च्या पाहणीत महाराष्ट्रासह चार ठिकाणचे ५४.४ टक्के लोक पुरेशी हालचाल न करणारे आढळले होते.

व्यायाम नेमके काय करतो?

स्नायू जोमाने काम करू लागले की इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतात. परिणामी यकृताकडे जादा साखर कमी जाते. यकृतातला ग्लायकोजेन खर्च होतो आणि चरबी जाळण्याची यंत्रणा चालू होते. त्याच वेळी चरबी बनवणाऱ्या विकरांना लगाम बसतो. इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद पुढचे एक-दोन दिवस सुधारलेला राहतो, म्हणून सलग दोन दिवसांहून मोठा खंड पडू देऊ नये.

वजन घटले नाही तरी फायदा होतो. २००९ मधील ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात चार आठवडे सायकल चालवणाऱ्या लठ्ठ व्यक्तींच्या यकृतातील चरबी वजन न घटताही २१ टक्क्यांनी कमी झाली. २०२३ मध्ये १४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम करणाऱ्या ३९ टक्के रुग्णांच्या यकृतातील चरबी किमान ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्याहून कमी व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के होते.

किती आणि कसा?

आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या वेगाने चालावे. जोडीला दोन दिवस उठाबशा, जोर किंवा वजन उचलण्याचे व्यायाम करावेत. आहार मात्र मोकाट सोडून चालणार नाही. सूज उतरण्यासाठी साधारण ७ टक्के, तर व्रण मागे हटण्यासाठी १० टक्के वजन घटावे लागते. सिरॉसिस, हृदयविकार किंवा अनियंत्रित मधुमेह असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जबाबदारी एकट्या कामगाराचीच का?

अवजड वाहनांची वर्दळ, धूळ आणि अडवलेले पदपथ यांतून अर्धा तास चालायचे कुठे, हा भिवंडीकरांचा प्रश्न रास्त आहे. वऱ्हाळादेवी तलावासारख्या मोकळ्या जागा पहाटे आणि पाळी सुटल्यावरही सुरक्षितपणे वापरता येणे, हे आरोग्याचेच काम आहे. कारखान्यात कमरेचे माप, साखर आणि यकृताच्या साध्या रक्तचाचण्यांची शिबिरे भरवणे फार खर्चाचे नाही. सुरुवातीच्या टप्प्यातला फॅटी लिव्हर उलटवता येतो. सिरॉसिसनंतर खर्च आणि हतबलता दोन्ही वाढतात. पाळीतली दहा मिनिटे आणि चालण्याजोगा रस्ता यांची किंमत त्यापुढे किरकोळ आहे.