छपरावरील यंत्रांचा आडोसा

आमच्या घरामागील माळावर औषधांचा एक कारखाना होऊं घातला आहे. इमारत अद्याप कागदावरच आहे; परंतु तिच्या छपरावरून आमच्या वसाहतींत आतांच दोन तट पडले आहेत. औषधें करावयाचीं तर आंतील हवा गाळून, थंड करून व बेताचा ओलावा राखून सोडावी लागते. त्या कामाचे पंखे, हवेचे मोठे नळ आणि पाणी थंड करणारे कूलिंग टॉवर ही सारी मंडळी छपरावर बसणार. ‘हें विद्रूप डोळ्यांपुढें नको, चोहोंबाजूंनीं उंच व बंद पत्र्याचा आडोसा करा,’ असा अर्ज शेजाऱ्यांनीं लिहिला आणि जुने मास्तर म्हणून पहिली सही आमची मागितली. आम्हीं ती दिली नाहीं. कांहींना राग आला. म्हणून त्याचें कारण येथें सांगतों.

आमचा पुतण्या स्थापत्यविशारद आहे. अर्ज वाचून तो म्हणाला, “काका, कोणाच्या डोळ्यांआड करावयाचें तें आधीं ठरवा.” मग आम्ही उभयतां कागद घेऊन बसलों. इमारत १२ मीटर उंच, कडेपासून ६ मीटर आंत ३ मीटर उंचीचें यंत्र आणि पाहणाऱ्याचा डोळा जमिनीपासून दीड मीटरवर, असें धरा. समरूप त्रिकोणांचा हा हिशेब शाळेंतला मुलगाहि करील. भिंतीपासून ३० मीटरवर उभ्या असलेल्या माणसापुरता पाऊण मीटरचा कठडा बस्स होतो. तोच माणूस ३०० मीटर दूर गेला कीं सुमारें पावणेतीन मीटरांचा आडोसा लागतो. आणि आमच्याप्रमाणें टेकडीच्या उतारावर, छपराहून उंच राहणाऱ्यास यंत्राएवढा आडोसाहि पुरत नाहीं. म्हणजे अर्जांतील भिंत रस्त्यावरच्या वाटसरूची सोय करणार. अर्ज करणाऱ्यांची नव्हे!

दुसरी गोष्ट श्वासाची. हीं यंत्रें बहुधा बाजूंनीं हवा घेतात व तापलेली हवा वर सोडतात. चोहोंबाजूंनीं बंद पत्रा लावून तो पंख्याच्या तोंडाहूनहि उंच नेला, तर सोडलेली ऊन हवाच पुन्हां आंत ओढली जाते. यंत्राचें काम मंदावतें, विजेचा खर्च वाढतो. यासाठीं आडोशाच्या खालीं मोकळी जागा किंवा बाजूस झिलमिली असावी, यंत्रापासून तो हातभर नव्हे तर पुरेसा दूर असावा, आणि दुरुस्तीस जाणाऱ्या माणसास वाट असावी. शिवाय आषाढांतला वारा असल्या पत्र्यास शिडाप्रमाणें ढकलतो. तो भार इमारतीच्या सांगाड्यांत आरंभींच धरावा लागतो. मागाहून ठोकलेला आडोसा हा एक नवा धोकाच.

तिसरी गोष्ट आमच्या घरांतली आहे. आमच्या थोरल्या वहिनींना हृदयविकार आहे, त्यांची झोप हलकी, आणि त्यांची खोली नेमकी माळाच्या अंगास. झिलमिलींतून वारा जातो तसा आवाजहि जातो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांत निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे. मोकळ्या जागीं एका यंत्रापासूनचें अंतर दुप्पट केलें कीं आवाज सुमारें ६ डेसिबेलनीं उतरतो. तेव्हां डोळ्यांस गोड वाटणाऱ्या पडद्यापेक्षां यंत्रें छपराच्या पलीकडल्या टोकास हलविणें हा वहिनींच्या दृष्टीनें खरा उपाय होय. न दिसणारें यंत्र निःशब्द झालें असें मानणें ही केवळ गजनिमीलिका!

पुतण्यानें मग एक चित्र दाखविलें. वेल्समधील न्यूपोर्ट येथें १९८२ सालीं इनमॉस या कंपनीचा संगणकाच्या सूक्ष्म चकत्यांचा कारखाना पुरा झाला. रचनाकार रिचर्ड रॉजर्स. त्यांनीं यंत्रें व नळ झांकलेच नाहींत. मधल्या मार्गिकेच्या माथ्यावर ते ओळीनें, उघडपणें मांडले. तें कोणास आवडेल, कोणास नाहीं. परंतु त्यांत यंत्रांची जागा इमारतीबरोबरच ठरली, ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. आपल्या जुन्या वाड्यांतहि मोरी मागील अंगास आणि धुरास वाट छपरांतून, असें घर बांधतांनाच ठरत असे. धूर कोंडून सोज्वळ दिसण्याचा हव्यास कोणी केला नाहीं.

आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंचा मुलगा या कारखान्यांत नोकरी लागेल म्हणून वाट पाहत आहे. त्यामुळें कारखानाच नको असें म्हणणें आम्हांस पटेना. आम्हीं अर्ज नव्यानें लिहिला. मागण्या तीन: यंत्रें पलीकडल्या टोकास न्यावीं; वसाहतीच्या बाजूस आवाज अडविणारी भरीव पडदी, इतरत्र झिलमिली असावी; आणि यंत्रें सुरू झाल्यावर रात्रीं आमच्या खिडकीशीं आवाज मोजावा. गेल्या आठवड्यांत नकाशा दुरुस्त होऊन आला. पहिल्या दोन मागण्या त्यांत उतरल्या आहेत. तिसरीविषयीं चकार शब्द नाहीं.

तिच्यासाठीं आम्ही पुन्हां लिहिणार आहों. या वेळीं पहिली सही वहिनींची आहे.