चार्जिंग कोण खाते?

‘थे लोकेशन बंद कर पयले. थेच खाते सारी चार्जिंग.’ हा सल्ला अमरावतीच्या राजकमल चौकात मिळतो, अकोल्याच्या टॉवर चौकात मिळतो आणि मूर्तिजापूरच्या स्टँडवर तर न मागता मिळतो. लोकेशननंतर ब्लूटूथचा नंबर. मग फोन उचलला की आपोआप उजळणारा स्क्रीन, मग दोन टिचक्यांत स्क्रीन जागा होण्याची सोय, मग हाक मारली की ‘ओ’ देणारा असिस्टंट. अशी एकेक सोय छाटत गेलं की पंधरा-वीस हजारांचा स्मार्टफोन बटणांच्या डब्ब्याच्या लायनीत येऊन बसतो, आणि चार्जिंग दुपारी चारला संपते ती संपतेच. दर्यापूरच्या आमच्या मामाजींचा फोन सध्या याच अवस्थेत आहे.

या सोयी खातात किती, याचा हिशेब साधा आहे. फोन उचलल्याचं ज्याला कळतं तो अ‍ॅक्सेलरोमीटर नावाचा सेन्सर दिवसरात्र जागा असतो, हे खरं. पण त्याची भूक मायक्रोअँपियरमध्ये मोजतात. सढळ हातानं २०० धरले तरी चोवीस तासांत ५ मिलिअँपियर-तास होत नाहीत, आणि बॅटरी असते ५,००० ची. हजारातला एक भाग. ‘ओके गूगल’ ऐकायला बसलेला कानसुद्धा मुख्य प्रोसेसरला उठवून बसवत नाही, ते काम कमी विजेवर चालणारा वेगळा भाग करतो. मोटोरोलानं २०१३ च्या मोटो एक्समध्येच अशी कामं वेगळ्या छोट्या प्रोसेसरकडे दिली होती. ब्लूटूथचंही तेच. २०१० पासून त्याची कमी विजेची आवृत्ती आलेली आहे, आणि नुसतं चालू ठेवलेलं ब्लूटूथ काही फार मोठं खातं नाही.

सगळ्याच सोयी फुकट आहेत असं मात्र नाही. स्क्रीन बंद असतानाही घड्याळ दाखवत राहणारा डिस्प्ले तासाला एखाद्या टक्क्याच्या आसपास खातो. आणि उचलल्यावर उजळण्याची सोय साध्या फोनात असेल, तर खड्ड्यांच्या रस्त्यावर शर्टाच्या खिशात स्क्रीन उगाच लागत राहू शकतो. तिथंही खाणारा सेन्सर नव्हे, उजेड.

आपल्याकडचा खरा मामला या उजेडाचा आहे. वऱ्हाडातलं ऊन पुण्या-मुंबईचं नव्हे. बाहेर पाऊल टाकलं की ऑटो ब्राइटनेस काटा शेवटाला नेतो आणि तिथंच ठेवतो. त्यावर उपाय म्हणून स्क्रीन काळा करणारा डार्क मोड सांगतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ओएलईडी फोनांवर तो मोजून पाहिला. ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचली, पण १०० टक्क्यांना बचत ३९ ते ४७ टक्क्यांवर गेली. म्हणजे घरात कुलरसमोर बसून डार्क मोड लावणाऱ्याच्या पदरात फारसं काही पडत नाही, भर उन्हात उभ्या असलेल्याच्या पडतं. आता काळ्या स्क्रीनवर भर उन्हात वाचायचं कसं, हे विचारू नका. स्वस्त फोनाचा स्क्रीन एलसीडी असला तर तेवढाही फायदा नाही.

मामाजींचं उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी मोबाइलवर आली. पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः करायची, फोटो शेतात उभं राहून काढायचा. मामाजी सोयाबीनच्या तासात उभे आहेत. डाव्या हाताची सावली स्क्रीनवर धरलेली, ब्राइटनेस पूर्ण, जीपीएस चालू, कॅमेरा उघडा आणि रेंजची एकच दांडी. दांडी येते, जाते. टॉवर लांब असला की फोनला जास्त जोर लावून बोलावं लागतं, फोटो वर जात नाही, पुन्हा पाठवला जातो. अर्ध्या तासात चार्जिंग जी उतरते ती बघण्यासारखी. आणि घरी आल्यावर मामाजी बंद काय करतात? दोन टिचक्या!

धारणी-चिखलदऱ्याकडे गेलात तर हाच प्रकार फोन खिशात असतानाही होतो. मेळघाटात रेंज नसलेल्या पट्ट्यात तो दिवसभर टॉवर शोधत राहतो. तिथं एअरप्लेन मोड लावणं हा सगळ्या सल्ल्यांपेक्षा मोठा सल्ला, पण तो कोणी देत नाही. त्याऐवजी उघडलेले सगळे अ‍ॅप वर सरकवून मारायचे, असं सांगतात. मार्च २०१६ मध्ये एका ग्राहकानं बॅटरीसाठी याची गरज आहे का, असं अ‍ॅपलला ईमेलवर विचारलं, तेव्हा तिथल्या सॉफ्टवेअरचे प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी ‘नाही’ असं उत्तर दिलं होतं. मारलेला अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्यातच जास्त वीज जाते.

मग उरते उष्णता, आणि तिचं नुकसान भरून येत नाही. अ‍ॅपल आणि सॅमसंग दोघंही फोन वापरायचं तापमान ० ते ३५ अंश सांगतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. २०२४ च्या मे अखेरीस तर जिल्हा प्रशासनानं उन्हापायी कलम १४४ लावलं होतं. अशा दुपारी अमरावती-अकोला रस्त्यावर गाडीच्या हँडलला फोन अडकवून, नकाशा उघडा ठेवून, वर चार्जरची वायर लावून निघालेली पोरं दिसतात. याच रस्त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव नोंदवलं गेलं. रस्ता झाला चांगला, पण त्यावर फोनला सावली नाही. ऊन, पूर्ण ब्राइटनेस आणि चार्जिंगची आतली गरमी, तिन्ही एकदम. त्यानं त्या दिवसाची चार्जिंग जाते हे सोडा, बॅटरीची धरून ठेवायची ताकदच कायमची घटते. पुढच्या दिवाळीला ‘फोन जुना झाला’ म्हणून तो दुकानात जातो. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवणारेही आहेत. ते करू नका, आत पाणी धरतं. कव्हर काढून सावलीत ठेवला तरी पुरे.

मामाजींना मी एक सोय मात्र परत चालू करून दिली. त्यांचा फोन मोटोरोलाचा आहे, दोनदा झटका दिला की टॉर्च लागते. कृषिपंपाची वीज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीत हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या एका हातात काठी असते, दुसऱ्यानं स्टार्टरचा डबा उघडायचा असतो आणि पायाखाली काय आहे ते आधी बघायचं असतं. टॉर्च चार्जिंग खाते, पण झटका ओळखणारा सेन्सर तो हजारातला एक भाग. मामाजींनी तीही बंद केली होती, कोणी तरी स्टँडवर सांगितलं म्हणून.